सव्विसावं पाऊल

एकेचाळीस मीटर, म्हणालं यंत्र
लाल आकड्यांत, अगदी निःशंक.
मखमलाबादच्या शिवारात, द्राक्षबागेच्या चौदाव्या ओळीत
बिबट्या बसला होता शेपटीचं टोक तेवढं हलवत,
कुणाचा तरी जुना हिशोब मनात जुळवत असल्यासारखा.

माझ्या हातात भुलीची बंदूक,
दाबाचा काटा हिरव्यात, सुईत औषध.
मागे दीडशे माणसं, निम्मी पॅकहाऊसच्या पत्र्यावर,
आणि माजी नगरसेवक माझ्या कानाशी :
"मारा ना साहेब, एवढा ढळढळीत तर दिसतोय."

दिसतोय.
चैतूमामा असता तर पचकन थुंकला असता या शब्दावर.

सुरगाण्याच्या वरच्या अंगाला त्याचा पाडा.
तीरकामठा बांबूचा, दोरीही बांबूचीच,
पिसं गिधाडाची. तेव्हा गिधाडं होती.
रानडुकरावर तो पंचवीस पावलांपलीकडून
तीर सोडायचा नाही.
मी विचारलं, सव्विसाव्या पावलावर काय होतं?
म्हणाला, सव्विसाव्यावर तीर लागतो.
मला वाटलं, म्हातारा उलटं बोलला.

एका होळीच्या आधी, ओढ्यापलीकडे, ऐंशी पावलांवर
उभा होता एकांडा नर, सुळेवाला, पूर्ण आडवा.
अलीकडे सगळा पाडा, आणि सोयरीक बघायला आलेले पाहुणे,
त्यांत मामाचा होणारा सासरा.
मामाने सोडला.
तीर वर चढला, क्षणभर उन्हात थांबला की काय, मग उतरला.
पाहुणे म्हणाले, वा!
पोटात लागला.

पहिल्या दिवशी रक्त लाल.
दुसऱ्या दिवशी ऐनाच्या पानांवर हिरवट, शेणकट.
तिसऱ्या दिवशी नुसता वास.
चौथ्या दिवशी वर घारी, आणि मामा काठावरूनच परत फिरला.
लग्न झालं. लोकांना त्याने सांगितलं, वारा आडवा आला.
मला एकट्याला, खूप वर्षांनी, मोहाची फुलं निवडता निवडता
मान वर न करता म्हणाला :
पान हलत नव्हतं रे.

एकेचाळीस. मधे तीन तारा, एक लोंबती काडी.
सुई पोचेल. पोचण्याची भीती नाही, कुठे ती आहे.
मांडीची जागा हातभर, तिच्या पुढे लगेच पोट;
दाब वाढवावा तर हाड.
आणि सुई वाटेत असेपर्यंत
तो असाच बसून राहील, हे त्याने कुठे लिहून दिलंय?

बंदूक खाली घेतली.
म्हटलं, माणसं मागे घ्या, अंधार पडू दे, जवळ येऊ दे.
पत्र्यावरून शिट्ट्या आल्या. मग एक चप्पल.
तो उठला, आळस दिला,
माझ्याकडे बघितलंही नाही धड,
दोन वेली ओलांडून कालव्याच्या बाजूला गेला.

रात्री त्याने काकडांच्या गोठ्यातलं वासरू नेलं.

सकाळी काकडबाईंनी काही न बोलता दावं दाखवलं.
दाव्याला घंटी होती अजून.
मी हात लावला तर वाजली,
आणि आतून गाय हंबरली.
काय बोलणार?
मी बागेत गेलो, पॅकहाऊसपासून चौदाव्या ओळीपर्यंत
पावलं मोजत. बावन्न भरली.
मामाची साठ भरली असती, तो बुटका होता.
मग पंचवीस मोजून थांबलो, आणि तिथून
रिकाम्या जागेकडे पाहिलं :
मातीत बसल्याचा खळगा, एक केस तारेला,
ठिबकच्या नळीवर दाताची खूण.
हे सगळं इथून दिसत होतं.

संध्याकाळी अहवालाचा कागद.
अंतर : ४१ मी.
डार्ट : सोडला नाही.
कारण या रकान्यात जागा बोटभर,
तेवढ्यात मामा मावत नाही.
लिहिलं : वारा.